नियंत्रण लूप हाती घेताना: मापनापासून ट्यूनिंगपर्यंत

एखादा लूप (मापन, कंट्रोलर आणि व्हॉल्व्ह यांची नियंत्रण-साखळी) नीट चालत नसल्याची तक्रार आली की पुष्कळ जणांचा हात सर्वात आधी कंट्रोलरच्या ट्यूनिंगकडे, म्हणजे त्यातील आकडे बदलण्याकडे जातो. गेन (कंट्रोलर किती जोरात प्रतिसाद देतो तो आकडा) थोडा कमी करून पाहिला जातो, इंटिग्रलचा काळ (उरलेला फरक संपवत नेणाऱ्या क्रियेचा वेग ठरवणारा आकडा) थोडा वाढवला जातो, तेवढ्यात पाळी बदलते आणि पुढच्या पाळीतील माणूस तेच आकडे उलट दिशेने फिरवतो. या लेखात कामाचा क्रम मुद्दाम वेगळा ठेवला आहे: आधी मापन तपासावे, मग व्हॉल्व्ह, मग प्रक्रियेचा स्वभाव समजून घ्यावा, आणि या तिन्हींची खात्री पटल्यावरच कंट्रोलरमधील आकड्यांना हात लावावा. बिघडलेल्या लूपचे कारण पहिल्या दोन पायऱ्यांवरच सापडले, तर पुढच्या पायऱ्यांची गरजच उरत नाही. इन्स्ट्रुमेंट किंवा प्रोसेस विभागात नव्याने आलेले अभियंते, तंत्रज्ञ आणि ऑपरेटर यांना समोर ठेवून हे लिहिले आहे.

लूपमधील घटक

संपूर्ण लेखासाठी एकच उदाहरण घेऊ. एका हीट एक्सचेंजरमध्ये वाफेने पाणी तापवले जाते आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचे तापमान ८० अंश सेल्सिअसवर स्थिर ठेवायचे आहे. बाहेर पडणाऱ्या नळीवर तापमान मोजणारा सेन्सर आणि ट्रान्समीटर आहे, वाफेच्या नळीवर कंट्रोल व्हॉल्व्ह आहे आणि या दोहोंच्या मध्ये कंट्रोलर आहे. ट्रान्समीटरकडून येणारे मोजलेले मूल्य म्हणजे पीव्ही, जे मूल्य हवे आहे ते सेटपॉइंट, आणि कंट्रोलरने व्हॉल्व्हला दिलेला आदेश म्हणजे आउटपुट. सेटपॉइंट आणि पीव्ही यांच्यातील फरकाला त्रुटी म्हणतात आणि ती पाहून आउटपुट बदलत राहणे एवढेच कंट्रोलरचे काम असते. पाण्याचा प्रवाह बदलणे, वाफेचा दाब उतरणे, आत येणारे पाणी अधिक थंड असणे हे सारे व्यत्यय होत. व्यत्यय नसते तर व्हॉल्व्ह एकदा योग्य जागी ठेवून देता आला असता आणि कंट्रोलरची गरजच पडली नसती.

आराखड्यावर हीच साधने, म्हणजे ट्रान्समीटर, कंट्रोलर आणि व्हॉल्व्ह, अनुक्रमे टीटी, टीआयसी आणि टीव्ही अशा टॅगांनी दाखवलेली असतात. आयएसए ५.१ या मानकाच्या पद्धतीनुसार पहिले अक्षर मोजली जाणारी राशी सांगते: टी म्हणजे तापमान, पी म्हणजे दाब, एफ म्हणजे प्रवाह आणि एल म्हणजे पातळी. पुढची अक्षरे त्या साधनाचे काम सांगतात. काम सुरू करण्यापूर्वी हा आराखडा हातात असावा आणि त्यावरील प्रत्येक टॅग प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहिलेला असावा, कारण कागदावर एका ठिकाणी असलेला सेन्सर प्रत्यक्षात दोन वाकणे पुढे बसवलेला असणे ही काही दुर्मिळ गोष्ट नाही, आणि तेवढ्या अंतराने लूपचे वागणे बदलते.

दोन गोष्टी इथेच नक्की करून घ्याव्यात. पहिली म्हणजे हवेच्या दाबाने चालणारा व्हॉल्व्ह हवेचा पुरवठा गेल्यावर कोणत्या स्थितीत जातो. आपल्या उदाहरणात वाफ बंद होणे सुरक्षित आहे, म्हणून व्हॉल्व्ह हवा गेल्यावर बंद होणारा असावा. याउलट थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बहुधा हवा गेल्यावर उघडणारा असतो. दुसरी गोष्ट म्हणजे कंट्रोलरची क्रिया. तापमान वाढले की वाफ कमी व्हायला हवी, म्हणजे पीव्ही वाढल्यावर आउटपुट घटले पाहिजे. याला रिव्हर्स क्रिया म्हणतात. पीव्ही वाढल्यावर आउटपुटही वाढत असेल तर ती डायरेक्ट क्रिया. पडद्यावरील १०० टक्के म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण उघडा की पूर्ण हवेचा दाब, हे ठरल्याशिवाय या निवडीला अर्थ नसतो. क्रिया उलटी निवडली गेली तर कोणतेही ट्यूनिंग त्या लूपला वाचवू शकत नाही: ऑटोवर (कंट्रोलर स्वतः आउटपुट ठरवतो त्या स्थितीत) टाकताच आउटपुट एका टोकाला जाऊन बसते.

मापन

बहुसंख्य कारखान्यांत ट्रान्समीटर ते कंट्रोलर हा प्रवास आजही ४ ते २० मिलीअँपिअरच्या प्रवाहाने होतो. शून्य टक्क्याला ४ आणि शंभर टक्क्यांना २० मिलीअँपिअर ठेवल्यामुळे तार तुटली तर प्रवाह शून्यावर येतो आणि ते खरे किमान मूल्य नसून बिघाड आहे हे लगेच कळते. नामुर एनई ४३ या शिफारशीनुसार ३.६ मिलीअँपिअर किंवा त्याहून कमी, तसेच २१ मिलीअँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह हा बिघाडाचा संकेत मानला जातो. तपासणी सोपी आहे. आपल्या ट्रान्समीटरची मर्यादा ० ते १५० अंश असेल तर ८० अंशांना ५३.३ टक्के होतात, म्हणजे ४ अधिक १६ च्या ५३.३ टक्के, सुमारे १२.५३ मिलीअँपिअर. मीटरवर हा आकडा दिसतो आणि पडद्यावर मात्र वेगळे तापमान दिसते, तर ट्रान्समीटर आणि कंट्रोल सिस्टिम यांच्यात भरलेल्या मर्यादा जुळत नाहीत असे समजावे.

तापमानासाठी पीटी-१०० सेन्सर असेल तर त्याचा रोध शून्य अंशाला १०० ओहम आणि शंभर अंशांना सुमारे १३८.५ ओहम असतो. एका अंशाला जेमतेम ०.४ ओहम एवढाच फरक पडत असल्याने जोडतारांचा रोधही वाचनात घुसतो आणि म्हणूनच तीन किंवा चार तारांची जोडणी वापरतात. याहून अधिक वेळा दुर्लक्षित राहते ती थर्मोवेल, म्हणजे सेन्सरभोवतीची संरक्षक नळी. सेन्सरचे टोक थर्मोवेलच्या तळाला टेकलेले नसेल तर मधल्या हवेच्या थरामुळे वाचन मागे पडते. स्थिर तापमानाला हा दोष फारसा जाणवत नाही, पण तापमान बदलत असताना कंट्रोलर कायम जुन्या माहितीवर निर्णय घेत राहतो.

प्रवाहाच्या मापनात ऑरिफिस प्लेट (नळीत बसवलेली, मध्ये भोक असलेली चकती) असेल तर दाबातील फरक प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. प्रवाह ५० टक्के असताना दाबातील फरक २५ टक्के असतो आणि १० टक्के प्रवाहाला तो अवघा १ टक्का उरतो. म्हणून कमी प्रवाहाच्या टोकाला हे वाचन विश्वासार्ह नसते. हे वर्गमूळ ट्रान्समीटरमध्ये किंवा कंट्रोल सिस्टिममध्ये अशा एकाच ठिकाणी काढायचे असते. ते दोन्हीकडे सुरू राहिले तर खरा ५० टक्के प्रवाह पडद्यावर जवळजवळ ७१ टक्के दिसतो, आणि आकडा अशक्य वाटत नसल्याने ही चूक बराच काळ खपून जाते.

पातळी मोजणारी अनेक साधने प्रत्यक्षात वजन किंवा दाब मोजतात आणि द्रवाची घनता गृहीत धरतात. ही घनता बदलली की वाचन खोटे होते. २००५ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील टेक्सास सिटी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात सुमारे १७० फूट उंचीच्या स्तंभात द्रव प्रमाणाबाहेर भरत गेला, पण पातळीचा ट्रान्समीटर मात्र पातळी मर्यादेत आहे आणि हळूहळू उतरते आहे असेच दाखवत राहिला. त्या ट्रान्समीटरला स्तंभाच्या तळाचा थोडासाच भाग दिसत होता. त्यानंतरच्या स्फोटात १५ जणांचा मृत्यू झाला आणि १८० जण जखमी झाले. दुर्घटनेला अनेक कारणे होती, परंतु नियंत्रण शिकणाऱ्याने त्यातून एक सवय उचलावी: एका वाचनाची दुसऱ्या स्वतंत्र वाचनाशी सांगड घालून पाहावी. टाकीत येणारा प्रवाह बाहेर जाणाऱ्यापेक्षा जास्त असताना पातळी उतरत असेल, तर तिघांपैकी एक साधन नक्की खोटे बोलत आहे.

ट्रान्समीटरमधील आणि कंट्रोल सिस्टिममधील फिल्टरही इथेच पाहून घ्यावा. ट्रेंडवरील (वेळेनुसार मूल्ये दाखवणाऱ्या आलेखावरील) रेषा देखणी दिसावी म्हणून कोणीतरी तीस सेकंदांचा फिल्टर लावून ठेवलेला असतो. त्याने गोंगाट, म्हणजे वाचनातील बारीक थरथर, झाकला जातो खरा, पण लूपमध्ये तेवढा विलंबही भरला जातो.

व्हॉल्व्ह

माझ्या मते नव्या माणसाने आपला सर्वाधिक वेळ इथे द्यावा. कंट्रोलर आणि ट्रान्समीटर एका जागी स्थिर असतात. व्हॉल्व्ह मात्र दिवसरात्र घासत, गंजत, चिकटत राहतो. आउटपुट बदलले म्हणजे व्हॉल्व्ह हललाच, हे गृहीत धरता येत नाही.

चाचणी अशी करावी. लूप मॅन्युअलवर (आउटपुट माणूस ठरवतो त्या स्थितीत) घ्यावा, पीव्ही स्थिर होऊ द्यावा आणि आउटपुट अर्ध्या टक्क्याने वाढवावे. काही फरक पडला नाही तर आणखी अर्धा टक्का वाढवावे, आणि पीव्ही हलेपर्यंत हेच करावे. मग दिशा उलटी करून तसेच पुन्हा करावे. दिशा बदलल्यावर पीव्ही हलण्यापूर्वी जेवढे आउटपुट वाया जाते तेवढा त्या व्हॉल्व्हचा मृतपट्टा. चांगल्या पोझिशनरसह (व्हॉल्व्हला आदेशानुसार नेमक्या जागी नेणाऱ्या साधनासह) हा एक टक्क्याच्या आत राहायला हवा. तो तीन-चार टक्के निघाला तर ट्यूनिंगचा विचार तिथेच थांबवून दुरुस्ती मागवावी. शक्य असेल तर एका माणसाने जागेवर उभे राहून व्हॉल्व्हच्या दांड्याकडे पाहावे, कारण काही व्हॉल्व्ह बराच वेळ अडून राहतात आणि मग एका झटक्यात नको तेवढे सरकतात. ग्लँड पॅकिंग (दांड्याभोवतीची गळती रोखणारे भरण) अति आवळलेले असणे हे याचे नेहमीचे कारण आहे.

चिकटणाऱ्या व्हॉल्व्हची ट्रेंडवरील खूणही ओळखता येते. प्रवाहाच्या लूपमध्ये आउटपुटची रेषा करवतीच्या दातांसारखी तिरकी चढते-उतरते आणि पीव्हीची रेषा मात्र पायऱ्यांसारखी दिसते: काही काळ एका पातळीवर, मग अचानक दुसऱ्या. कारण असे की व्हॉल्व्ह अडलेला असताना त्रुटी कायम राहते, इंटिग्रल आउटपुट वाढवत नेतो, शेवटी व्हॉल्व्ह सुटतो तो गरजेपेक्षा जास्त सरकून, आणि तोच खेळ उलट दिशेने सुरू होतो. गेन कमी केल्यास हे हेलकावे संथ होतात, थांबत नाहीत. पुष्कळ लूपांमधील गेन असाच हळूहळू कमी होत निरुपयोगी पातळीवर येऊन ठेपलेला असतो.

हेलकाव्यांचे मूळ शोधण्याची आणखी एक सोपी कसोटी आहे. लूप मॅन्युअलवर घ्यावा आणि आउटपुट स्थिर ठेवावे. हेलकावे थांबले तर दोष याच लूपमध्ये आहे. ते चालूच राहिले तर ते बाहेरून येत आहेत, आणि शेजारच्या ज्या लूपमध्ये त्याच कालावधीचे हेलकावे दिसतात तिकडे जावे.

व्हॉल्व्हच्या आकाराबद्दल एवढेच सांगतो की रोजच्या कामात आउटपुट दहा टक्क्यांखाली किंवा नव्वद टक्क्यांवर राहत असेल तर व्हॉल्व्ह अनुक्रमे मोठा किंवा लहान पडतो आहे, आणि तो प्रश्न खरेदी विभागापर्यंत न्यावा लागतो.

प्रक्रियेचा स्वभाव: स्टेप चाचणी

आता प्रक्रियेला प्रश्न विचारायचा. ऑपरेटरशी आधी बोलून घ्यावे, किती बदल चालेल आणि कोणत्या तापमानाला चाचणी सोडून द्यायची हे आकड्यात ठरवावे, आणि इंटरलॉक (धोक्याच्या स्थितीत यंत्र आपोआप थांबवणारी व्यवस्था) किंवा अलार्म कोणत्याही परिस्थितीत बंद करू नयेत. सुरक्षेची स्वयंचलित यंत्रणा नेहमीच्या नियंत्रणापासून स्वतंत्र ठेवावी हे आयईसी ६१५११ या मानकाचे सूत्र आहे, आणि ट्यूनिंगच्या सोयीसाठी ती बाजूला सारण्याचा अधिकार ट्यूनिंग करणाऱ्याकडे नसतो.

लूप मॅन्युअलवर असताना, पीव्ही स्थिर असताना, आउटपुट ४० वरून ४५ टक्क्यांवर एकदम न्यावे आणि मग हात बांधून बसावे. समजा तापमान ८० अंशांवरून हळूहळू ८६ अंशांवर जाऊन स्थिरावले. या एका ट्रेंडवरून तीन आकडे काढायचे. पहिला प्रक्रियेचा गेन: ६ अंश म्हणजे १५० च्या मर्यादेत ४ टक्के, आणि ते ५ टक्के आउटपुटमुळे झाले, म्हणून गेन ०.८. अंशांचे टक्के करणे विसरू नये, कारण बहुतेक कंट्रोलर आत टक्क्यांतच हिशेब करतात. दुसरा डेड टाइम: आउटपुट बदलल्यापासून तापमान हलायला लागेपर्यंतचा काळ, समजा २० सेकंद. तिसरा टाइम कॉन्स्टंट: डेड टाइम संपल्यापासून एकूण बदलाच्या ६३.२ टक्क्यांपर्यंत पोहोचायला लागलेला काळ. ६ अंशांचे ६३.२ टक्के म्हणजे ३.८ अंश; तापमान ८३.८ अंशांना स्टेपनंतर ११० सेकंदांनी पोहोचले असेल तर टाइम कॉन्स्टंट ९० सेकंद.

या तिन्हींत डेड टाइम हा खरा शत्रू. त्या काळात कंट्रोलर काहीही करो, परिणाम दिसणारच नसतो. टाइम कॉन्स्टंटच्या तुलनेत डेड टाइम लहान असेल तर लूप सोपा. दोन्ही सारखे झाले किंवा डेड टाइम मोठा झाला की संथ नियंत्रणावर समाधान मानावे लागते. सेन्सर एक्सचेंजरच्या जवळ सरकवून डेड टाइम निम्मा करता आला तर तो लाभ कोणत्याही ट्यूनिंगपेक्षा मोठा असतो.

चाचणी उलट दिशेनेही करावी आणि जमल्यास वेगळ्या भारावर पुन्हा करावी. आपल्या एक्सचेंजरमध्ये पाण्याचा प्रवाह निम्मा झाला की तेवढ्याच वाढीव वाफेने पाणी सुमारे दुप्पट तापते, म्हणजे गेन दुप्पट होतो. शिवाय पाणी सेन्सरपर्यंत पोहोचायलाही दुप्पट वेळ घेते. पूर्ण भारावर नीट चालणारा लूप रात्री कमी भारावर का डोलतो, याचे उत्तर बहुधा इथे असते.

पीआयडीचे आकडे

जहाजाचे सुकाणू स्वयंचलित करण्याच्या प्रश्नावर काम करताना निकोलस मिनॉर्स्की यांनी १९२२ मध्ये ज्या तीन क्रियांचे गणिती विश्लेषण मांडले, त्याच तीन क्रिया आजच्या कंट्रोलरमध्ये आहेत: प्रपोर्शनल, इंटिग्रल आणि डेरिव्हेटिव्ह, म्हणजेच पीआयडी. प्रपोर्शनल क्रिया त्रुटीच्या प्रमाणात आउटपुट बदलते. ती एकटीच असेल तर कायमची तफावत उरते. समजा गेन २ आहे आणि त्रुटी शून्य असताना आउटपुट ४० टक्के असते. भार वाढल्यामुळे आता ५० टक्के लागणार असतील तर हे जादा १० टक्के मिळवण्यासाठी ५ टक्के त्रुटी टिकून राहावीच लागते, आणि आपल्या मर्यादेत ती ७.५ अंश होते. इंटिग्रल क्रिया त्रुटी उरली आहे तोवर आउटपुट सरकवत राहते आणि ही तफावत संपवते, पण घाईने लावली तर हेलकावे आणते. डेरिव्हेटिव्ह क्रिया पीव्ही किती वेगाने बदलतो आहे ते पाहून आधीच लगाम लावते. संथ तापमान-लूपमध्ये तिचा उपयोग होतो. प्रवाहाच्या लूपमध्ये ती फक्त गोंगाट मोठा करून व्हॉल्व्हवर ओतते, म्हणून तिथे ती शून्यच ठेवावी. सुरुवात करणाऱ्याने सर्वच लूपांत ती शून्य ठेवून काम सुरू केले तरी फारसे बिघडत नाही.

आकडे काढण्यासाठी मी लॅम्डा पद्धत सुचवतो. आधी ठरवायचे की सेटपॉइंट बदलल्यावर लूपने किती वेगाने तिथे जावे; हा इच्छित टाइम कॉन्स्टंट म्हणजे लॅम्डा. कंट्रोलरचा गेन काढण्यासाठी प्रक्रियेच्या टाइम कॉन्स्टंटला एका गुणाकाराने भागायचे: प्रक्रियेचा गेन गुणिले लॅम्डा आणि डेड टाइम यांची बेरीज. इंटिग्रल काळ प्रक्रियेच्या टाइम कॉन्स्टंटएवढाच ठेवायचा. आपल्या उदाहरणात लॅम्डा ६० सेकंद धरला तर गेन म्हणजे ९० भागिले (०.८ गुणिले ८०), सुमारे १.४; आणि इंटिग्रल काळ ९० सेकंद. आणखी सावध राहायचे असेल तर लॅम्डा ९० घ्यावा, गेन सुमारे १.० येतो.

पुस्तकांत हमखास आढळणारी जॉन झिगलर आणि नॅथॅनिएल निकल्स यांची १९४२ मधील पद्धत याच स्टेप चाचणीवरून सुमारे ५ गेन आणि ६६ सेकंद इंटिग्रल काळ देईल, म्हणजे आपल्या गेनच्या साडेतीनपटीहून अधिक. त्या पद्धतीचे उद्दिष्ट व्यत्यय लवकर मोडून काढणे हे होते आणि त्यासाठी प्रत्येक हेलकावा आधीच्या हेलकाव्याच्या एक चतुर्थांश होईल एवढे डोलणे मान्य केलेले होते. प्रवाह निम्मा होऊन प्रक्रियेचा गेन आणि डेड टाइम दोन्ही दुप्पट झाले, तर हा लूप त्या आकड्यांवर अस्थिर होतो. लॅम्डाने काढलेल्या आकड्यांवर तो थोडा डोलतो, पण सावरतो. ज्या कारखान्यात भार दिवसभर बदलतो तिथे मला ही सहनशीलता वेगापेक्षा मोलाची वाटते.

आकडे भरताना एककांकडे डोळे उघडे ठेवून पाहावे. काही कंट्रोलरमध्ये गेनऐवजी प्रपोर्शनल बँड टक्क्यांत भरावा लागतो. तो म्हणजे १०० भागिले गेन, म्हणून १.४ गेनसाठी सुमारे ७१. इंटिग्रल काळ कुठे सेकंदांत, कुठे मिनिटांत, तर कुठे त्याच्या व्यस्तात, म्हणजे दर मिनिटाला किती पुनरावृत्ती या रूपात लागतो. आपले ९० सेकंद म्हणजे १.५ मिनिटे आणि मिनिटाला ०.६७ पुनरावृत्ती. या तिन्हींपैकी चुकीच्या रकान्यात योग्य आकडा भरला तरी लूप बिघडतोच.

यानंतर लूप ऑटोवर घेऊन सेटपॉइंट दोन-तीन अंशांनी बदलावा. हिशेब बरोबर असेल तर पहिले २० सेकंद काहीच होणार नाही, पुढच्या मिनिटात बदलाचा सुमारे ६३ टक्के भाग पूर्ण होईल आणि चार ते साडेचार मिनिटांत पीव्ही नव्या जागी बसेल. असे झाले नाही तर आकडे फिरवण्यापूर्वी स्टेप चाचणीचा ट्रेंड पुन्हा पाहावा.

इंटिग्रलचा एक धोका मात्र वेगळा सांगायला हवा. वाफेच्या नळीवरील हाताने चालवायचा व्हॉल्व्ह बंद असताना लूप ऑटोवर राहिला, तर तापमान वाढत नाही हे पाहून कंट्रोलर आउटपुट १०० टक्क्यांपर्यंत नेऊन ठेवतो. मग कोणी वाफ सोडली की व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असतो आणि तापमान सेटपॉइंट ओलांडून बरेच वर जाते. आधुनिक कंट्रोलर मर्यादेला पोहोचल्यावर इंटिग्रल गोठवतात, पण पुढचा मार्ग हाताने बंद केलेला आहे हे त्यांना कळण्याची सोय नसते. सुरू करताना लूप मॅन्युअलवर ठेवावा, तापमान सेटपॉइंटजवळ आणावे आणि मगच ऑटोवर घ्यावा.

पातळीचा लूप

पातळीला वरील रीत लागू पडत नाही. टाकीतून बाहेर जाणारा व्हॉल्व्ह थोडा अधिक उघडून ठेवला तर पातळी नव्या जागी स्थिरावत नाही. टाकी रिकामी होईपर्यंत ती उतरतच राहते. म्हणून इथे स्टेप चाचणीत शेवटची पातळी पाहायची नसते, पातळी बदलण्याचा वेग किती बदलला हे पाहायचे असते, आणि चाचणी लवकर थांबवायची असते. समजा आउटपुट १० टक्क्यांनी वाढवल्यावर स्थिर असलेली पातळी मिनिटाला १ टक्का या वेगाने उतरू लागली. तर प्रक्रियेचा वेग-गेन झाला आउटपुटच्या प्रत्येक टक्क्यामागे मिनिटाला ०.१ टक्का.

अशा लूपमध्ये हेलकावे टाळायचे असतील तर वेग-गेन, कंट्रोलरचा गेन आणि इंटिग्रल काळ या तिघांचा गुणाकार ४ किंवा त्याहून अधिक असावा. कंट्रोलरचा गेन २ असेल तर इंटिग्रल काळ निदान २० मिनिटे हवा. प्रत्यक्षात तिथे २ मिनिटे भरलेली आढळतात, कारण प्रवाहाच्या लूपमधील सवय तशीच उचललेली असते. मग पातळी सुमारे २१ मिनिटांच्या कालावधीने डोलू लागते. ते पाहून ऑपरेटर किंवा अभियंता साहजिकच गेन निम्मा करतो. गुणाकार आणखी घटतो, हेलकावे विरायला जास्त वेळ लागतो आणि त्यांचा कालावधी २९ मिनिटांच्या आसपास जातो. इथे योग्य उपाय अंतःप्रेरणेच्या नेमका विरुद्ध असतो: गेन वाढवावा किंवा इंटिग्रल काळ भरपूर वाढवावा. संथ, लांबलचक हेलकाव्यांनी त्रस्त असलेली पातळी दिसली की मी आधी हा गुणाकार करून पाहतो.

त्याआधी एक प्रश्न विचारावा: ही पातळी नेमकी एका जागी धरून ठेवायची आहे का? दोन विभागांच्या मध्ये असलेल्या साठवण टाकीचे कामच मुळी चढउतार पोटात घेऊन पुढच्या विभागाला शांत प्रवाह देणे हे असते. तिथे पातळी ५० टक्क्यांवर घट्ट धरली तर मागचा प्रत्येक धक्का तसाच पुढे जातो आणि टाकी असून नसल्यासारखी होते. अशा टाकीत पातळीला ३० ते ७० टक्क्यांमध्ये फिरू द्यावे. बॉयलरच्या ड्रममधील पातळी मात्र अरुंद पट्ट्यात ठेवावीच लागते, कारण कमी पातळीने नळ्या जळतात आणि जास्त पातळीने पाणी वाफेबरोबर पुढे जाते.

एका लूपने भागत नाही तेव्हा

वाफेचा दाब वारंवार बदलत असेल तर तापमान हलेपर्यंत वाट पाहणे परवडत नाही. मग वाफेच्या प्रवाहाचा वेगळा लूप करून तापमानाच्या कंट्रोलरचे आउटपुट त्याला सेटपॉइंट म्हणून देतात. ही कॅस्केड रचना. आतला लूप बाहेरच्यापेक्षा निदान तीन ते पाचपट वेगवान असावा, आणि ट्यूनिंग नेहमी आतून बाहेर करावे. पाण्याचा प्रवाह हा मुख्य व्यत्यय असेल आणि तो मोजता येत असेल, तर त्याच्या बदलानुसार वाफ आधीच बदलणारे फीडफॉरवर्ड जोडता येते. ते कधीच तंतोतंत बसत नाही, म्हणून फीडबॅकचा, म्हणजे मोजलेल्या त्रुटीवर चालणारा लूप सोबत ठेवावाच लागतो. या दोन्ही रचना मूळ लूपमधील चिकट व्हॉल्व्हवर उपाय म्हणून वापरू नयेत.

नोंद

बदल करण्यापूर्वीचे आकडे, नवे आकडे, त्यांची एकके, कंट्रोलरची क्रिया, फिल्टर, चाचणीच्या वेळचा भार आणि स्टेप चाचणीचा ट्रेंड हे सारे एका पानावर लिहून ठेवावे आणि ते पान नियंत्रण कक्षात सापडेल अशा जागी असावे. पुढचे काही दिवस कमी आणि जास्त अशा दोन्ही भारांवर ट्रेंड पाहावा, आणि ऑपरेटर हा लूप अधूनमधून मॅन्युअलवर टाकतो का याकडे विशेष लक्ष द्यावे. टाकत असेल तर त्याला कारण विचारावे, कारण ट्रेंडमध्ये न दिसणारी अडचण त्याला ठाऊक असते. व्हॉल्व्ह, पोझिशनर किंवा ट्रान्समीटर बदलला, त्याची मर्यादा बदलली किंवा सेन्सरची जागा सरकली, तर त्या पानावरील गेन आणि डेड टाइम जुने झाले असे धरून स्टेप चाचणी पुन्हा करावी.